दोन 1080 टीआय जोडून आठ महिने खेळलो, माझा अनुभव

मी फोंड्याचा. एक जीटीएक्स 1080 टीआय (एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड) 2017 पासूनच घरात होती, आणि गेल्या चवथीच्या आधी म्हापशात एकाने तेच मॉडेल सेकंडहँड विकायला काढलं तेव्हा लगेच घेतलं, कारण एसएलआय (दोन ग्राफिक्स कार्डं जोडून एकच गेम चालवायची एनव्हीडियाची पद्धत) करून बघायची हौस कॉलेजपासूनची. ब्रिज, म्हणजे दोन कार्डं जोडणारा तुकडा, मात्र हाय बँडविड्थवालाच घ्या, जुनी लवचिक पट्टी 4के रिझोल्यूशनला कमी पडते.

आधी चांगलं सांगतो. विचर 3 गेमला, 4के अल्ट्रा सेटिंगवर एका कार्डावर सेकंदाला 50 च्या आसपास फ्रेम मिळायच्या त्या 80 च्या वर गेल्या, आणि शॅडो ऑफ द टूम्ब रेडर डायरेक्टएक्स 12 (गेम आणि कार्ड यांच्यातलं विंडोजचं सॉफ्टवेअर) मध्ये लावला तेव्हा दोन्ही कार्डं फुल राबताना बघून खरंच भरून आलं. जीटीए 5 ला 1080पी वर काही फरक नाही, तिथे प्रोसेसरच अडतो.

पण नवीन गेम लावलात की खेळ संपला. सायबरपंक 2077 मध्ये दुसरं कार्ड नुसतं बसून असतं. एसएलआयमध्ये एक फ्रेम हे कार्ड काढतं, पुढची ते, आणि हल्लीचे गेम कडा मऊ करायला मागच्या फ्रेमचा डेटा वापरतात जो असतो दुसऱ्याच कार्डात, तो इकडे आणेपर्यंत मिळालेला फायदा निघून जातो. त्यात एनव्हीडियाने 1 जानेवारी 2021 पासून नवीन एसएलआय प्रोफाइल (गेमने दोन कार्डं कशी वापरायची ते सांगणारी ड्रायव्हरमधली सेटिंग) देणंच थांबवलं, 30 सिरीजमध्ये फक्त 3090 आणि 3090 टीआयला जोडायची सोय ठेवली, 4090 ला तीही नाही. आणि कार्डांची मेमरी 11 आणि 11 मिळून 22 जीबी होते असं बरेच जण धरून चालतात, तसं होत नाही हो, दोन्हीकडे तोच डेटा भरला जातो, वापरायला 11 च.

मला सगळ्यात जास्त खुपलं ते मायक्रोस्टटर. फ्रेम काउंटरवर 70 दिसतात पण माऊस फिरवताना 45 सारखं वाटतं, कारण फ्रेम सारख्या अंतराने येत नाहीत. एकदा लक्षात आलं की मग डोळ्याला तेच दिसत राहतं.

गरमीचं तर विचारू नका. एक कार्ड 250 वॅट, म्हणजे दोघांचे 500, त्यात आपला मे महिना आणि हा घाम. वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं, 84 डिग्रीला पोचलं की स्पीड कमी करतं. पीएसयू (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) 850 वॅटचा घ्यावा लागला, आणि लायट गेली की जुना यूपीएस हा लोड एक सेकंदसुद्धा झेलत नव्हता.

तुमच्याकडे एक कार्ड असेल आणि जोडीला दुसरं घ्यायचा विचार असेल तर नका घेऊ, पहिलं विका, वर थोडे पैसे घाला आणि एकच नवीन मोठं घ्या. माझं दुसरं परवाच काढलं, साखळीच्या मावसभावाला दिलं, त्याचा पीएसयू 600 वॅटचा आहे, एका कार्डाला भरपूर झाला.