फळ्यावर कोणता प्रकाश?

ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या आमच्या धर्मशिक्षण वर्गाला ब्रीदवाक्य हवं होतं. दोन पर्याय उरले.

पहिला मत्तयच्या शुभवर्तमानातला (५:१६): तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. हे वागण्याबद्दल आहे, सहावीतल्या मुलालाही लगेच कळतं.

दुसरा, ‘प्रकाशापासून प्रकाश’. दोनच शब्द, पण मागे केवढं मंथन! अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणे, पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, देवाने निर्माण केलेला आहे. ३२५ साली निकीयाच्या धर्मसभेने उत्तर दिलं: पुत्र पित्याच्याच, म्हणजे देवाच्याच, तत्त्वाचा, आणि ‘प्रकाशापासून प्रकाश’ हे शब्द विश्वासांगीकारात (ख्रिस्ती श्रद्धेच्या जाहीर कबुलीत) घातले. पिता-पुत्राच्या या नात्यासाठी शंभरहून अधिक वर्षं आधी तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने सूर्य आणि किरणाचा दाखला दिलाच होता. पणतीने पणती लावली तरी पहिलीचं तेज घटत नाही, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

मला दुसराच भावतो. लहानग्यांच्या फळ्यावर मात्र पहिला लिहिला. दुसरा दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणाऱ्या संस्काराच्या) वर्गासाठी ठेवलाय.