गिरणगाव हेरिटेज वॉक, 1 मे स्पेशल: वडा फक्कड, इतिहास अळणी

माणशी 799 रुपये. सकाळी सात ते साडेदहा, हुतात्मा चौकापासून लोअर परळपर्यंत, मधला टप्पा मिनीबसने. पाणी आणि नाश्ता त्यातच, फेटा बांधून हवा असेल तर 150 रुपये वेगळे. मुंबईच्या जुन्या कापडगिरण्यांच्या भागातल्या या वॉकची जाहिरात मुलीने पाठवली आणि मला न विचारता दोन तिकिटंही काढून टाकली. आयोजकांचं नाव लिहीत नाही. पोरं धडपडी आहेत, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. शिवाय असे वॉक हल्ली बरेच जण काढतात, तेव्हा जे लिहिते आहे ते कमीअधिक फरकाने सगळ्यांनाच लागू पडावं.

माझं बाड आधीच उघडून ठेवते. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. लहानपण लालबागच्या चाळीत गेलं, आता आम्ही बदलापूरला. मी विमा कंपनीत आहे आणि युनियनची वर्गणी न चुकता भरते. त्यामुळे तटस्थपणाची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका.

आधी चांगलं. गाइड मुलगा गोड होता, आवाज खणखणीत, आणि चाळ त्याला खरोखर कळली होती. सामायिक गॅलरी, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-बारा पुरुष, त्यांना दोन वेळचं जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया, हे सगळं त्याने मन लावून सांगितलं. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं गावकीच्या खोल्यांवर कशी राहायची, भजनी मंडळं नि आखाडे कसे चालायचे, तेही. आमच्यासोबतची कॉलेजची पोरं कान टवकारून ऐकत होती. नाश्त्याला लालबागच्या एका गाडीवरचा वडा होता, कढईतून थेट कागदावर, सोबत लसणीची कोरडी चटणी आणि मिठात घोळवलेली तळलेली मिरची. तो वडा मी पैसे देऊन परत खाईन. कानात घालायची यंत्रं दिली होती, तीही ठीक चालली. गिरणीच्या भोंग्याचा आवाज फोनवरून ऐकवला तेव्हा मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बरोबर आहे म्हणून.

आता तक्रार. सुरुवातीलाच गाइडने बजावलं, ‘आज आपण राजकारणात जायचं नाही, फक्त वारसा बघायचा.’ अरे बाबा, 1 मेच्या दिवशी, हुतात्मा चौकात उभा राहून?

चौकात पुष्पचक्र वाहायला मंत्रिसंत्री येणार म्हणून बॅरिकेड लावले होते. आम्हाला रस्त्यापलीकडून स्मारक दाखवलं. मशाल धरलेले ते दोन पुतळे म्हणजे एक शेतकरी आणि एक कामगार. गाइड म्हणाला, ‘मराठी अस्मितेचं प्रतीक,’ आणि पुढे निघाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसं गेली, त्यात आमच्या गिरणगावातलीही होती. 1956 मध्ये जी संयुक्त महाराष्ट्र समिती झाली, तिच्यात कम्युनिस्टांच्या गिरणी कामगार युनियनचे कॉम्रेड डांगे होते, समाजवादी एसेम जोशी होते, आचार्य अत्रे होते आणि प्रबोधनकार ठाकरेही होते. शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे कम्युनिस्टांच्या लाल बावटा कलापथकातून आलेले. पुतळ्यात कामगार का आहे, ते एवढं सांगितलं असतं तर पोरांना कळलं असतं. पत्रकावर मात्र भगव्या रंगात ‘महाराष्ट्र दिन’ आणि अगदी तळाशी, अटी लागूच्या शेजारी, ‘तसेच कामगार दिन’.

पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते मिनीबसमध्ये, आणि त्यात आयोजकांचा काडीचाही हात नव्हता. ठाण्याचे एक निवृत्त गृहस्थ, कारखान्यात भारतीय मजदूर संघाचं, म्हणजे संघ परिवारातल्या युनियनचं, काम केलेले, मला म्हणाले, ‘ताई, 1 मे आपला कधीपासून झाला? शिकागोत काहीतरी घडलं, रशियाने उचलून धरलं. आपला कामगार दिन विश्वकर्मा जयंतीला, 17 सप्टेंबरला.’ मागच्या सीटवर बेस्टमधून निवृत्त झालेले काका होते. ते तिथूनच बोलले, ‘मग आठ तासांची पाळी विश्वकर्म्याने दिली का हो?’ सगळी बस हसली. ठाणेकर चिडले नाहीत, त्यांनी मुद्दा सोडला नाही एवढंच. ‘कामगाराने हत्याराची पूजा करावी की मालकाशी जन्मभर भांडत बसावं?’ काका म्हणाले, ‘आम्ही दोन्ही केलं. डेपोत दसऱ्याला पूजा आणि 1 मेला बावटा.’

शिकागोतला लढा आठ तासांच्या पाळीसाठीच होता, मे दिन तिथून आला. हा वाद काही त्या दोघांचा घरगुती नव्हे. दत्तोपंत ठेंगडींनी 1955 मध्ये मजदूर संघ काढला, तो 1 मे मानत नाही, राष्ट्रीय श्रम दिवस म्हणून 17 सप्टेंबर पाळतो. उलट बाजूला 1923 साली मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर कम्युनिस्ट नेते सिंगारवेलूंनी देशातला पहिला मे दिन साजरा केला, तेव्हापासूनची परंपरा. त्रिपुरात 2018 साली डावे हरले, आणि नव्या भाजप सरकारने पुढच्या वर्षाच्या यादीत मे दिनाची सुट्टी ऐच्छिक करून टाकली. केवढा गदारोळ झाला होता. आपल्याकडे तसं करायची कुणाची छाती होणार नाही, कारण त्याच तारखेला 1960 साली राज्य जन्माला आलं. लाल बावट्याची सुट्टी इथे फेट्याच्या आडोशाने टिकून आहे. आडोसा मोठा होत जातो आणि बावटा दिसेनासा होतो, ही त्याची किंमत. बसमध्ये हे बोलायला मी तोंड उघडलं तोच गाइडने स्पीकरवर पोवाडा लावला. पोवाडा चांगला होता, पण वेळ साधून लावलेला.

परळची दळवी बिल्डिंग चालताना लागली. गाइडने तिची खिडक्यांची कमान दाखवली. तिथे गिरणी कामगार युनियनची कचेरी होती आणि डिसेंबर 1967 मध्ये तिच्यावर शिवसेनेचा हल्ला झाला, याबद्दल चकार शब्द नाही. लालबागमध्ये 5 जून 1970 ला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या, त्यांना हरवून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. त्याच गल्ल्यांतून आम्ही चालत होतो आणि आम्हाला सांगितलं जात होतं की इथे मसाले फार छान मिळतात. मिळतात, मी घेतलेही. पण एकाच चाळीत वरच्या मजल्यावर भगवा आणि खाली लाल, दोघेही गणपतीला एकाच मांडवात, ही गिरणगावची खरी गंमत. आमच्या मजल्यावर तर इंटकवाले, म्हणजे काँग्रेसच्या युनियनचे, एक काकाही होते. 1982 च्या गिरणी संपाच्या दिवसांत त्यांच्याशी कुणी धड बोलत नसे, पण त्यांच्या घरचा डबा मात्र सगळ्यांकडे जायचा.

संपावर गाइडने एकच वाक्य खर्च केलं, ‘1982 च्या संपामुळे गिरण्या बंद पडल्या.’ इथे मला राहवलं नाही. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले, ते नुसत्या पगार-बोनससाठी नाही. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकच युनियन प्रातिनिधिक ठरायची, आणि ती होती काँग्रेसच्या छत्राखालचा राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगाराला नको असली तरी मालक बोलणी करणार तिच्याशीच. हा कायदा जावा, ही संपातली मोठी मागणी होती. संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही. पुढे 1991 ला गिरण्यांच्या जमिनी विकसित करायचा नियम आला आणि मग मॉल उभे राहिले. मी हे सांगितलं तेव्हा कॉलेजच्या पोरांपैकी एकीने फोन खिशात ठेवला आणि विचारलं, ‘मग तुमच्या वडिलांनी काय केलं?’ ‘बदलापूरला गेले, सोसायटीत वॉचमन झाले,’ म्हटलं. गाइड गप्प उभा होता. नंतर जवळ येऊन म्हणाला, ‘मॅडम, मला माहीत आहे हो, पण लोक रेटिंग कमी देतात.’

म्हणून रेटिंग कमी द्यायला जीवावर येतं. त्याला विचारलं, आज डबल पगार मिळणार का? 2017 च्या महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या पगारी सुट्ट्या आहेत, शिवाय आपसांत ठरवायच्या आणखी चार. त्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट पगार आणि वर बदली रजा. पण कायदा वीस किंवा जास्त माणसं असलेल्या जागेला, 2025 च्या बदलाआधी ही अट दहाची होती. तो हसला. ‘मी फ्रीलान्सर आहे. आजच्या दोन बॅच आहेत, दुसरी साडेचारला.’ कामगार दिनाची दुसरी पाळी!

वॉक संपतो लोअर परळच्या एका मॉलच्या दारात. तिथे सेल्फी काढायला दहा मिनिटं दिली होती. गिरणीची जुनी चिमणी मागे येईल असं कुठे उभं राहायचं ते गाइडने दाखवलं. स्वच्छतागृह मॉलचंच, त्याआधी कुठेच सोय नाही. बायकांना घेऊन साडेतीन तास फिरवणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता.

पाचपैकी तीन. दोन गाइडला, एक वड्याला. ठाणेकर आणि बेस्टचे काका दर बॅचला मिळतील याची हमी नाही, नाहीतर चार दिले असते.

जायचं असेल तर 1 मे टाळा, साधा रविवार धरा. तिकीट शंभर रुपयांनी स्वस्त आहे, चौकात बॅरिकेड नसतात, स्मारक जवळून बघता येतं. आणि गाइडला नारायण मेघाजी लोखंडेंबद्दल नक्की विचारा. त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची रविवारची सुट्टी मिळवून दिली, 1890 साली. आमच्या वॉकमध्ये त्यांचं नाव आलं नाही. टोपी आणि पाण्याची एक जादा बाटली न्या. मसाला घ्यायचा तर आधी किलोचा भाव विचारा, वॉकची माणसं दिसली की तो वाढतो.