बकरी आजारी पडली: सरकारी दवाखाना की गावातला डॉक्टर?

मागच्या हंगामात सोयाबीन निघालं आणि माझ्या एका बकरीनं ढिगात तोंड घातलं. दिवस मावळेपर्यंत तिची डावी कूस ढोलावानी ताठ झाली. जिल्हा परिषदेचा दवाखाना पाच किलोमीटरवर, तोही बंद. खाजगी डॉक्टर अर्ध्या तासात मोटारसायकलवर आला, सहाशे रुपये घेतले. बकरी वाचली.

म्हणजे खाजगीच बरा? पोटफुगी, अडलेलं वेत, सापाचा चावा, यात तासाचा हिशेब असतो. तिथं जो आधी पोचेल तो आपला. पण सहा बकऱ्यावाल्यानं दर खोकल्याला सहाशे मोजले तर बाजारात बकरीचे जे येतील ते सुईतच गेले म्हणा. त्यातही कोण कोणती सुई टोचतो ते विचारत चला. पदवीवाला आहे, पदविकावाला की नुसता कृत्रिम रेतन (गाई-म्हशी भरवायचं काम) करणारा, हे आमच्याकडे कोणी विचारतच नाही. ‘डॉक्टर’ म्हटलं की संपलं!

सरकारी दवाखान्यातही पाटी वाचा. श्रेणी-1 म्हणजे तिथं पदवीधर पशुधन विकास अधिकारी. श्रेणी-2 ला पदविकेचा पर्यवेक्षक, त्याच्या हाती किरकोळ उपचार. अवघड केस असेल तर तिथल्या खोड्यात जनावर उभं करून दुपार घालवू नका, सरळ तालुक्याच्या लघु सर्वचिकित्सालयात, म्हणजे जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आमच्या दवाखान्यात तर कधीकधी एकटा व्रणोपचारकच (मलमपट्टी करणारा) भेटतो. माणूस हाताचा चांगला आहे, पण तो काय काय करणार?

तरी दोन कामांत सरकारी दवाखान्याला तोड नाही. पहिलं कागदाचं. वीज पडून जनावर मेलं तर मदत मिळते: बकरीला 4,000, बैलाला 32,000, दुभत्या गाई-म्हशीला 37,500. त्याला तलाठ्याचा पंचनामा आणि सरकारी डॉक्टरचा शवविच्छेदन अहवाल लागतो. खाजगीची चिठ्ठी तिथं चालत नाही. म्हणून घाईनं पुरू नका.

दुसरं लसीचं. आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन बकरी पटकन मरते त्या रोगाची) लस पावसाळ्याआधी, दरवर्षी. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची, एकदा नीट टोचली की साधारण तीन वर्षं बघायला नको. पण लस थंडच राहिली पाहिजे, 2 ते 8 अंशांत. खिशातून काढलेल्या बाटलीचा काय भरवसा? शिवाय पीपीआरची एक बाटली पुष्कळ बकऱ्यांची असते आणि कालवली की काही तासांतच संपवावी लागते. चार-सहा बकऱ्यांसाठी ती कोणी फोडत नाही. ‘लस नाही’ म्हणून परत पाठवतात, त्यातलं निम्मं कारण हेच, असं माझं मत.

1962 वर फोन केला तर जनावरांच्या डॉक्टरचं सरकारी फिरतं पथक दारी येतं. पण एका पथकामागे लाखभर जनावरं धरलेली, त्यामुळे घाईच्या कामाला त्याच्या भरवशावर राहू नका. नागपूर-अकोल्याची पशुवैद्यकीय महाविद्यालयं म्हशीच्या ऑपरेशनला उत्तम. बकरीला टेम्पोचं भाडंच परवडत नाही.

यंदा रोहिणी लागल्या तेव्हा आम्ही आळीतल्या बकऱ्या मोजल्या. बायकांनीच मोजल्या, बकऱ्या त्यांच्याच. 43 भरल्या. यादी दवाखान्यात दिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पर्यवेक्षक बर्फाचा थर्मास घेऊन मारुतीच्या पारावर हजर.