दोन मिलिमीटरच्या बीटलसाठी अंबाल्याचा स्टिरिओ मायक्रोस्कोप: घ्या, पण सोबतचा लाइट कपाटात टाका

ज्यांना मोबाइल रिपेअरिंग करायचंय किंवा बियाणं तपासायचंय त्यांनी हा रिव्ह्यू सोडला तरी चालेल, त्यांच्यासाठी हा मायक्रोस्कोप मस्तच आहे, डोळे झाकून घ्या. मी लिहितेय ते बारक्या किड्यांवर काम करणाऱ्यांसाठी, कारण घेण्याआधी मी खूप शोधलं आणि मराठीत सोडा, इंग्रजीतही कामाचं फार कमी सापडलं.

मॉडेल म्हणजे नेहमीचाच अंबाल्याचा ट्रायनॉक्युलर, झूम 7 ते 45 पट, खाली 100 मिलिमीटर मोकळी जागा, वरती कॅमेऱ्याची नळी. बडोद्यात रावपुऱ्याच्या बाजूला एका सायंटिफिक सामानाच्या दुकानातून घेतला, चाळीस हजारांच्या आत बसला. दुकानदारभाईंना विचारलं की दीड-दोन मिलिमीटरच्या किड्याच्या पाठीवरची बारीक रेषांची जाळी दिसेल का, तर म्हणे "बधुं देखाशे बेन, बधुं" (सगळं दिसेल ताई, सगळं). बधुं काही दिसत नाही, त्यावर खाली येतेच.

माझं काम टॅकिनी गटातल्या ग्राउंड बीटलवर, म्हणजे जमिनीवर पळणाऱ्या भुंगेऱ्यांवर आहे. नदीकाठच्या ओल्या वाळूत पळणारे, तपकिरी, तिळापेक्षाही लहान. काठावर पाणी शिंपडलं की वाळूतून वर येतात आणि मग पळापळ, पण विश्वामित्रीच्या काठावर असं बसून पाणी शिंपडायला मी काही जात नाही (का ते बडोदेकरांना सांगायला नको, मगरींना पण जेवायला लागतं), मी संखेड्याकडे ओरसंग नदीच्या वाळूत जाते. ग्राउंड बीटलच्या कुळात जगभरात 40,000 च्या आसपास प्रजाती नोंदलेल्या आहेत आणि आपल्याकडच्यांवर एच. ई. अँड्र्यूज नावाच्या, एकेकाळी इथे जंगल खात्यात असलेल्या इंग्रजाने 1920-30 च्या दशकांत एवढं काम करून ठेवलंय की आजही ओळख पटवायला त्याच्याच किल्ल्या (एकेक लक्षण जुळवत प्रजातीपर्यंत नेणाऱ्या याद्या) घेऊन बसावं लागतं. त्याच्या किल्लीत कुठेच न बसणारा एक बीटल सध्या माझ्या टेबलावर आहे. नवीन असेलही, नसेलही, पण तसं म्हणायच्या आधी सगळं नीट बघायला हवं ना.

तर काय दिसतं. 45 पटीवर साधारण पाच मिलिमीटरचा गोल दिसतो, म्हणजे दोन मिलिमीटरचा बीटल त्याच्या निम्म्यातही मावतो. डोळ्यावरचे दोन लांब केस, पंखांच्या कडक झाकणाच्या टोकाशी मागे वळलेली ती खाच (या गटाची खूणच आहे ती), पुढच्या पायाच्या नडगीचं तिरकं छाटल्यासारखं टोक, हे सगळं स्वच्छ. नराच्या पुढच्या पावलाचे रुंद सांधे पण दिसतात, त्यामुळे नर-मादी वेगळे करायला त्रास नाही. जबड्याजवळच्या मिशीचा शेवटचा सांधा सुईसारखा बारीक असतो, तो दिसतो पण डोळे ताणून.

झाकणावरची ती बारीक जाळी मात्र नाही म्हणजे नाही. दोन पटीचं जोड भिंग लावलं की आकडा 90 होतो, पण जाळी काही तरीही नीट सुटत नाही, आणि 100 मिलिमीटरची जागा एकदम निम्म्याहूनही कमी होते, मग सुई आणि चिमटा घालायला हात वाकडे करा. जाळीसाठी आणि नराच्या जननेंद्रियाच्या बारकाव्यांसाठी शेवटी कॉलेजच्या कंपाउंड मायक्रोस्कोपकडेच जावं लागतं. या गटात निम्मा निकाल तिथेच लागतो, त्यामुळे नुसत्या स्टिरिओवर नवीन प्रजाती लिहिता येईल असं कोणी सांगितलं तर दुकानातून हळूच बाहेर पडा.

पण चिरफाडीसाठी मात्र हा फारच छान. चित्र सरळ दिसतं, उलटं नाही, आणि खोली कळते. पोटाच्या टोकातून वाकवलेल्या बारीक पिनेने जननेंद्रियाचा भाग ओढून काढायचा, 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवायचा, मग ग्लिसरीनच्या थेंबात, एवढं सगळं 20-25 पटीवर आरामात होतं. मान दुखते, पण ती माझ्या टेबलाची उंची.

लाइट. सोबत येणारा एलईडी रिंग लाइट या कामासाठी निव्वळ कचरा. बीटलची पाठ आरशासारखी चकचकीत, त्यावर त्या सगळ्या एलईडीची गोल माळच उमटते आणि खालचं काहीच दिसत नाही, ब्राइटनेस कमी केला तरी माळ तीच, फक्त मंद. मी टेबल टेनिसचा बॉल अर्धा कापून, वरती भोक पाडून बीटलवर उपडा ठेवला आणि बाजूने दोन साधे टेबललॅम्प मारले. बास, खाचा, ठिपके, केस सगळे उठून आले. खर्च शंभर रुपयांच्या आत. जोड भिंगाचे पैसे वाचवा आणि लाइटवर घाला.

मापं घ्यायची असतील तर आयपीसमधली (डोळा लावायच्या भिंगातली) पट्टी वेगळी मागून घ्या. 45 पटीवर तिचा एक भाग साधारण 0.022 मिलिमीटरचा पडतो, म्हणजे आपला बीटल नव्वदेक भागांचा. ठीकच आहे. मात्र झूमच्या बटणाला मधे कुठेही टक् करून थांबायची जागा नाही, म्हणून मी सगळी मापं शेवटच्या टोकालाच घेते, मधे कुठेतरी थांबून घेतलेलं माप काही कामाचं नाही.

कॅमेऱ्याचं असं की हा दोन तिरक्या नळ्यांचा प्रकार, आणि कॅमेरा त्यातल्या एकाच नळीतून बघतो. त्यामुळे फोकस खालीवर करत वीसेक फोटो काढून जोडायला गेलं की प्रत्येक फोटोत बीटल जरा बाजूला सरकलेला असतो. सॉफ्टवेअर जुळवून घेतं, तरी कडांना जांभळी झाक राहते. मी नमुन्याखाली ब्लूटॅकचा (चिकट पुट्टीचा) गोळा देऊन तो त्या नळीकडे किंचित कलता ठेवते, फरक पडतो. फोटो नीट यायलाच हवेत, कारण नवीन निघालाच तर 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नमुना सरकारने नेमलेल्या संस्थेत जमा करायचा असतो, आणि एकदा होलोटाइप (ज्याच्यावर नव्या प्रजातीचं नाव ठरतं तो मूळ नमुना) तिकडे गेला की परत परत बघायला आपल्या टेबलावर नसतो.

पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार रिंग लाइटने खाल्ला, एक "बधुं देखाशे"ने. पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते, दुकानदार ते सांगत नाही, सोबतचं प्लॅस्टिकचं कव्हर उलट ओल धरून ठेवतं, तेव्हा झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि दाणे गुलाबी झाले की तव्यावर परतून घ्या. जुना मिळत असेल तर तोही चालेल, फक्त घ्यायच्या आधी आयपीस काढून खिडकीच्या उजेडाकडे धरून आत बुरशी नाही ना ते बघा.