दुखण्याची गोळी रात्री घ्यायची तर कोणती? झोपेच्या हिशोबानं तुलना

कापूस वेचून, सोयाबीन काढून कंबर-गुडघे दुखायलेत म्हणून रात्री जेवल्यावर एक गोळी घ्यायची आणि मग दुखणं थांबलं तरी डोळा लागेना, ही तक्रार आपल्याकडं लई ऐकू येते. वय झालं म्हणून झोप उडाली म्हणतात, गोळीकडं कुणी बघतच नाही.

माझं मत सरळ आहे, रात्रीसाठी आधी साधी पॅरासिटामॉल. झोपेला हिचा त्रास सगळ्यात कमी. मोठ्या माणसानं दिवसात ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, दारू किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी, तेही विचारूनच. सूज मात्र हिनं उतरत नाही.

सुजेवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक भारी, पण या गोळ्या शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची, दुखणं-सूज आणणारी रसायनं अडवतात आणि त्यातलंच एक झोप आणायचं काम करतं, मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोनही कमी होऊ शकतं. १९९४ च्या एका अभ्यासात धडधाकट माणसांना दुखण्याच्या गोळ्या दिल्या तर आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिननं रात्री जाग जास्त आली, पॅरासिटामॉलनं फारसा फरक पडला नाही. त्यात आडवं झालं की ॲसिडिटी वर येते ती वेगळीच. म्हणून यातली लागतच असेल तर डॉक्टरला विचारून सकाळी नाश्त्यानंतर घ्या. बीपी, किडनीवाल्यांनी मनानं घेऊच नका. पण कूस बदलताना कळ येऊन जाग येत असेल तर दोष गोळीचा नाही, दुखण्याचा आहे, तिथं गोळी बंद करून उलट झोप आणखी जाईल.

सॅरिडॉनसारख्या गोळीत कॅफिन, म्हणजे चहा-कॉफीत असतं तेच झोप उडवणारं, असतं, संध्याकाळनंतर नकोच.

ट्रॅमाडॉल ही दुखण्याची जोरदार गोळी, तिनं गुंगी येते म्हणून झोपेला चांगली वाटते, पण काहींची झोप तिनंच उडते, सवय लागते आणि दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत श्वास मंदावू शकतो. चिठ्ठीशिवाय अजिबात नको.

आणि ती बिननावाची पुडी, जिनं गुडघे एका दिवसात मोकळे होतात! तिच्यात स्टेरॉइड असू शकतं, त्यानं झोप तर उडतेच, शुगरही चढते. खूप दिवसांपासून घेत असाल तर एकदम तोडू नका, तेही धोक्याचं आहे, पुडी घेऊन डॉक्टरकडं जा आणि दाखवा.