इंडस-२चा बीमटाइम: यंत्र तयार असतं, अडतं ते पेलेटपाशी

विद्यापीठातल्या संशोधकाला सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन कड्यात फिरवून प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र) वापरायचा असेल, तर भारतात वाट इंदूरलाच येते. इथली सोय उत्तम आहे. वेळ वाया जातो तो बहुतेकदा नमुन्यामुळे (पेलेट म्हणजे त्याची दाबून केलेली चकती), म्हणून या परीक्षणात त्यावरच जास्त लिहिलं आहे.

आधी पत्ता. खंडवा रोडवर देवी अहिल्या विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई कन्सॉर्टियम आहे. अणुऊर्जा खात्याची मोठी यंत्रं विद्यापीठांना खुली व्हावीत म्हणून १९८९ मध्ये ते उभं राहिलं. इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रं मात्र राजेंद्र नगरच्या पुढे, राजा रामण्णा केंद्रात आहेत. रिक्षावाल्याला नुसतं ‘कॅट’ (केंद्राचं जुनं नाव) म्हटलं की पुरे. चुंबकीय मापन, रामन किंवा मॉसबाउअर वर्णपट हवं असेल तर कन्सॉर्टियमकडे अर्ज करा. बीमलाइन (कड्यातले किरण प्रयोगापर्यंत आणणारी वाहिनी) हवी असेल तर ती कोणत्या संस्थेची आहे ते आधी पाहा, कारण संस्था दोन आणि संकेतस्थळंही दोन. नवख्या विद्यार्थ्याचा इथेच गोंधळ उडतो, आणि ही माहिती एकत्र मिळायलाच हवी. कॅटच्या आवारात पासाशिवाय पाऊल टाकता येत नाही. लॅपटॉप आणि पेन ड्राइव्हचंही पासाच्या वेळीच विचारून ठेवा.

सर्वाधिक मागणी एक्झाफ्सला, म्हणजे क्ष-किरणांच्या शोषणावरून अणूभोवतीची रचना पाहणाऱ्या पद्धतीला. बीएल-९ या बीमलाइनवर ४ ते २५ केईव्ही ऊर्जा मिळते, म्हणजे मँगनीज, लोह, तांबं यांच्या के-कडा (ज्या ऊर्जेला शोषण एकदम वाढतं त्या) सहज आवाक्यात येतात. ट्रान्समिशनमध्ये, म्हणजे किरण नमुन्याच्या आरपार मोजताना, कडेवरची शोषणाची उडी १च्या आसपास हवी. फेरिक ऑक्साइडसाठी हिशेब साधारण दर चौरस सेंटिमीटरला ४ मिलिग्रॅम असा बसतो. १३ मिमीच्या डायमध्ये (पेलेटच्या साच्यात) त्याचे ५-६ मिलिग्रॅम आणि १०० मिलिग्रॅमच्या आसपास सेल्युलोज. अंदाजाने ५० मिलिग्रॅम ऑक्साइड टाकलं तर कडेपलीकडे प्रकाश जवळजवळ उरतच नाही आणि स्पेक्ट्रम चपटा येतो. दुसरी चूक कणांच्या आकाराची. ४०० मेशच्या चाळणीतून ३८ मायक्रॉनपर्यंतचे कण खाली येतात, पण लोहाच्या कडेवर ऑक्साइडमध्ये किरण जेमतेम ८ मायक्रॉन शिरतात. म्हणून चाळणीवर विसंबू नका. अ‍ॅगेटच्या खलात इथेनॉल घालून घोटा, जाड कण तळाशी बसू द्या आणि वरचं गढूळ द्रव तेवढं घ्या. पेलेट दिव्यासमोर धरून पाहा. टाचणीएवढं भोक दिसलं तरी ती बाद.

बीमचा स्वभावही ओळखून असावं. बूस्टर (कड्याआधीचा त्वरक) ५५० एमईव्हीचेच इलेक्ट्रॉन देतो. ते कड्यात भरल्यावर ऊर्जा २.५ जीईव्हीपर्यंत चढवतात. त्यामुळे चालू बीममध्ये मधेच भर घालता येत नाही. करंट उतरत जातो, आणि नव्याने भरायचं तर आहे तो बीम सोडून द्यावा लागतो. भरणी जवळ आली असेल तर लांब स्कॅन लावू नका. भरणीनंतर मोनोक्रोमेटरवरचा (हवी ती ऊर्जा निवडणाऱ्या स्फटिकांवरचा) उष्णतेचा भार बदलतो आणि ऊर्जेचं माप किंचित सरकू शकतं. म्हणून तिसऱ्या आयन चेंबरपुढे (किरणांची तीव्रता मोजणाऱ्या कक्षापुढे) धातूची फॉइल कायम ठेवा आणि प्रत्येक स्कॅन तिच्याशी जुळवा. ज्यांनी फॉइल फक्त सुरुवातीला मोजली, त्यांना पुढे कडेच्या जागेतला ०.५ ईव्हीचा फरक खरा की खोटा हे ठरवता येत नाही. त्या फरकावर उभा असलेला संयुजेचा अख्खा युक्तिवाद तिथेच कोसळतो.

मऊ क्ष-किरणांची बीएल-१ कन्सॉर्टियमची, अंदाजे १०० ते १२०० ईव्हीची. इथे इलेक्ट्रॉन यील्डमध्ये, म्हणजे नमुन्यातून निघणारे इलेक्ट्रॉन मोजताना, पृष्ठभागाचे काही नॅनोमीटरच दिसतात. हवेत महिनाभर पडलेली फिल्म आणली तर मोजाल तो वरचा ऑक्साइड. विद्युतरोधी नमुना भारित होतो, तो वाहक कार्बन टेपवर पातळ पसरवावा. चेंबर अतिनिर्वाताचा असल्याने सच्छिद्र किंवा दमट पेलेट तासन् तास वायू सोडत राहते आणि तेवढी शिफ्ट पंपापाशीच संपते. आदल्या रात्रीच ती व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवा.