डेन्व्हरला ट्रेलर घेताय? आधी गाडीचा दरवाजा उघडा

"तुमची पिकअप 9,000 पाउंड ओढते, ट्रेलर 5,200 चा. बिनधास्त न्या!" कोलोरॅडोत गाडीमागे ओढायचा, राहण्याजोगा वापरलेला ट्रेलर विकणारे असं सांगतात. दोन्ही आकडे खरे असतात, म्हणूनच गिऱ्हाईक फसतं.

5,200 हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. 40 गॅलनची टाकी भरली की पाण्याचेच 330 पाउंड होतात. शिवाय भांडीकुंडी, अंथरुणं, गॅस. प्रवासाला निघेपर्यंत ट्रेलर 6,800 वर गेलेला असतो. त्यातला 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर पडतो, 850 पाउंड धरा. आता ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून गाडी किती पेलते ते तिथे छापलेलं असतं. समजा 1,500. हिचवरचे 850, चार माणसांचे 600, हिचचे स्वतःचे 100, हौद्यातले 200: झाले 1,750. ओढायची ताकद शिल्लक आहे, पण पेलायची संपली.

हे दाखवलं की विक्रेता भार वाटणारी हिच पुढे करतो. तिच्या स्प्रिंग बारमुळे थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो, स्टिअरिंग सुधारतं. स्टिकरवरचा आकडा मात्र तोच राहतो. मागच्या चाकांवर आधाराला हवेच्या पिशव्या (एअरबॅग) बसवल्या तरी तेच. बूड वर उचललं जातं, क्षमता वाढत नाही. काही जण तर नुसता ट्रेलरचं डोलणं घर्षणाने रोखणारा दांडा लावून त्यालाच भार वाटणारी हिच म्हणतात. दोन्ही बाजूंना स्प्रिंग बार नसतील तर ती बहुधा भार वाटणारी हिच नव्हेच.

चाचणी डेन्व्हरच्या सपाट रस्त्यावर देतात. तिथून आय-70 महामार्गाने पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना साधारण 3 टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पोचेपर्यंत जवळपास तिसरा हिस्सा गेला. चढावर फार तर रांगावं लागेल. खरी परीक्षा पलीकडच्या सिल्व्हरथॉर्नच्या उतारावर, जवळजवळ 7 टक्के.

'ब्रेक सर्व्हिस केलेत' यात सगळ्यात मोठी मेख असते. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, ग्रीसगनने ग्रीस ठासून भरलं आणि मागचं सील गेलं, की ते ब्रेक शूवर, म्हणजे चाक घासून थांबवणाऱ्या पट्ट्यांवर उतरतं. मग ब्रेक लागत नाही, आणि शू पुसून भागत नाही, बदलावेच लागतात. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या कंट्रोलरची कळ दाबायला लावा. चाक जागीच अडकलं पाहिजे. चारही चाकं तपासा. ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेची) पिन ओढल्यावरही तसंच व्हायला हवं. होत नसेल तर आधी ट्रेलरची बॅटरी बघा.

टायरची नक्षी कोरी दिसते, वय दिसत नाही. टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: 2316 म्हणजे 2016 चा 23 वा आठवडा. बाहेरच्या बाजूला पूर्ण क्रमांक नसेल तर आत वाकून, टॉर्च मारून वाचा.

बयाणा देण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. एक, गाडी भरून, ट्रेलर जोडून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर न्या. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. दुसरी, 'ब्रेक चालू स्थितीत' हे तोंडी आश्वासन खरेदीच्या कागदावर लिहून मागा. 'जसं आहे तसं' एवढंच लिहायची तयारी असेल, तर शू आणि टायरचा खर्च किमतीतून वळता करून घ्या.